डफ बिअर ‘बनावट’, ‘नकली’ की ‘कल्पित’?

विचारणा नाशिकच्या कॉलेज रोडवरून आली आहे. ‘द सिम्पसन्स’ या १९८९पासून चालू असलेल्या अमेरिकी विनोदी कार्टून मालिकेतल्या दुकानांवर आणि कंपन्यांवर एक विद्यार्थिनी कॉलेजच्या वार्षिकांकासाठी लेख लिहिते आहे. तिने लिहिलं, ‘डफ बिअर हा एक बनावट ब्रँड आहे.’ सरांनी ‘बनावट’ खोडून ‘नकली’ केलं. मैत्रीण म्हणाली, ‘काल्पनिक’ लिही. तिघांत बरोबर कोण?

मैत्रीण, थोडीशी डागडुजी करून.

‘बनावट’ आधी बाजूला काढू, कारण नाशिकमध्ये तर तो फारच गैरसमज करून देईल. उत्पादन शुल्क खात्याने धाड घातली की बातमीचा मथळा ठरलेला असतो: ‘बनावट मद्याचा साठा जप्त’. इथला वाचक ‘बनावट बिअर’ वाचेल तेव्हा त्याला डफ पिणारा, मालिकेतला होमर सिम्पसन दिसणार नाही. शेडमधली पिंपं आणि चिकटवायला ठेवलेली लेबलं दिसतील. या शब्दात एक फसवणारा आणि एक फसणारा गृहीतच असतो. गंमत म्हणजे त्यालाच ‘-ईचा’ जोडला की तो एकदम सज्जन होतो. ‘भारतीय बनावटीची पाणबुडी’ म्हणताना कुणाला संशय येत नाही. तेव्हा ‘डफ ही अमेरिकी बनावटीची बिअर’ असं लिहिलंत तर अर्थ पुन्हा भलतीकडेच जाईल.

सरांच्या ‘नकली’ची अडचण वेगळी. हा अरबी ‘नक़्ल’मधून आलेला शब्द; नक्कल करायला आधी अस्सल लागतं. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘अस्सलबरहुकूम खरी नक्कल’ असं लिहिलेलं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. डफचं अस्सल कुठे आहे? कार्टूनमध्येच. मग तिथली डफ नकली कशी?

नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८पासून नोटा छापल्या जातात, म्हणून नोटेचंच उदाहरण घेऊ. खरी नोट एक, बनावट नोट दुसरी, आणि जत्रेत मिळणारी ‘चिल्ड्रन बँके’ची नोट तिसरी. या तिसरीने कुणाला फसवायचं नसतं. देणारा आणि घेणारा दोघेही खेळात सामील असतात. डफ बिअर या तिसऱ्या जातीची आहे.

या जातीला शब्द दोन. ‘काल्पनिक’ चूक मुळीच नाही. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ हे आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत. पण ‘काल्पनिक भीती’, ‘पृथ्वीवरची काल्पनिक रेषा’ यांत भर ‘मुळात नाही’ यावर आहे. ‘कल्पित’ हे धातुसाधित आहे. कुणीतरी बसून कल्पिलं, असा कर्ता त्यात डोकावतो. म्हणून माझं मत ‘कल्पित’ला. (आधी ‘कपोल’ मात्र लावू नका, नाहीतर ती शिवी होते.)

आणि या मालिकेत कल्पिणाऱ्यांनी मेहनत खरोखरच घेतली आहे. १९९३च्या एका भागात डफच्या कारखान्याची सहल आहे. तिथे डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय अशा तीन टाक्या दिसतात, आणि तिन्ही एकाच नळीतून भरल्या जात असतात. जाहिरातींच्या धंद्यावर इतकी नेमकी टीका लांबलचक अग्रलेखांतही सापडत नाही. होमरचा शेजारी नेड फ्लँडर्स फक्त डावखुऱ्यांसाठी ‘लेफ्टोरियम’ नावाचं दुकान काढतो. क्रस्टी विदूषक तर पैसे मिळाले की कशावरही आपलं नाव छापू देतो.

एक पोटजात वेगळी काढावी लागेल. २००८च्या एका भागात ‘मॅपल’ नावाची कंपनी आहे. ती ॲपलवर बेतलेली आहे हे शेंबडं पोरही ओळखेल. इथे अस्सल आहे, पण फसवणूक नाही. याला ‘विडंबन’ म्हणावं. नुसतं ‘कल्पित’ म्हटलं तर टोमणा हरवतो.

खरा घोळ पुढे आहे. ऑस्ट्रेलियात एका दारू कंपनीने सचोटीने बनवलेली, पिण्याजोगी ‘डफ बिअर’ बाजारात आणली. डब्यावर सिम्पसन मंडळींचं चित्र नव्हतं. तरी मालिकेचे तेव्हाचे मालक फॉक्स न्यायालयात गेले आणि १९९६मध्ये ती विक्री थांबवली गेली. नुसत्या नावामुळेही ग्राहकाची दिशाभूल होते, असं ठरलं. म्हणजे बिअर खरी, पण ब्रँड नकली, आणि ज्याची नक्कल केली तो कल्पित! सरांचा शब्द अखेर इथे कामाला आला. उलट २००७मध्ये सिम्पसन्सवरच्या सिनेमाच्या जाहिरातीसाठी ‘सेव्हन-इलेव्हन’ या दुकानांच्या साखळीने अमेरिका-कॅनडातली आपली डझनभर दुकानं रीतसर परवानगीने मालिकेतल्या दुकानासारखी ‘क्विक-ई-मार्ट’ करून टाकली. मालिकेतला बझ कोलाही तिथे विकायला होता. बिअर तेवढी ठेवली नाही. अशांना मी ‘मूळचे कल्पित ब्रँड’ म्हणेन. ‘भूतपूर्व कल्पित’ वगैरे जडजंबाल घडवण्याची गरज नाही.

‘ब्रँड’ला ‘नाममुद्रा’ वापरू का, असंही तिने विचारलं आहे. वापरा, पण कानाला तो परिपत्रकातला वाटतो. आपला जुना शब्द ‘छाप’: गाय छाप, उंट छाप. तो इथे चालवता आला असता, पण ‘डफ छाप बिअर’ म्हटलं की मराठी वाचक बाटलीवर शाहिराचा डफ शोधू लागेल. ‘ब्रँड’च ठेवा.

‘क्विक-ई-मार्ट’ला ‘किराणा दुकान’ म्हणू नका. किराण्यात सुटी डाळ तोलून मिळते आणि वहीत उधारी लिहिली जाते. मालिकेतला अपू चालवतो ते हे दुकान रात्री-बेरात्री उघडं असतं. कपाटातून आपणच माल उचलायचा आणि गल्ल्यावर पैसे द्यायचे. त्याला नुसतं ‘दुकान’ म्हटलं तरी पुरे.