बीजांडाचं जेनेटिक्स शिकायचं म्हणते मुलगी, यात पोट भरतं का?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते, तासगावकडे द्राक्षबाग, मुलगी बारावी पीसीबी, नीट दोनदा दिली पण सरकारी सीट मिळेल एवढे मार्क नाहीत, आता ती म्हणते मला फुलातल्या बीजांडाच्या, म्हणजे ज्याची पुढे बी होते त्या भागाच्या, जीन्सवर शिकायचंय, आणि घरचे म्हणतात हे कसलं खूळ, परत नीट दे नाहीतर बीएस्सी ॲग्री करून एमपीएससीला बस.

आधी ते खूळ काय आहे ते बघा, कारण ते तुमच्याच बागेत आहे. थॉमसन काय, तास-ए-गणेश काय, फुलाच्या अंडाशयात चार बीजांडं असतात, म्हणून बियांच्या द्राक्षातही सहसा चारच्या वर बी सापडत नाही. सीडलेसमध्ये परागीभवन होतं, फलनही होतं, फक्त बी मध्येच वाढायची थांबते आणि तिचं कवच टणक होत नाही. 2018 मध्ये संशोधकांनी दाखवलं की याचं मूळ एजीएल11 नावाच्या एका जीनमधल्या डीएनएच्या एका अक्षराच्या बदलात आहे. हाच जीन ॲराबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यात सीडस्टिक म्हणून ओळखला जातो, तो आणि त्याचे दोन भाऊबंद जीन एकदम बंद केले तर बीजांडं बीजांडं राहतच नाहीत, पानासारखं काहीतरी उगवतं. आता तुमच्या खिशाचा विषय, बी नाही म्हणजे बीतून मिळणारं जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक नाही, मणी बारीक राहतो, म्हणून तुम्ही घड जीएत, म्हणजे त्याच जिबरेलिनच्या द्रावणात, बुडवून डिप देता. म्हणजे दर सीझनला जीएवर आणि डिपिंगच्या मजुरीवर जो खर्च होतो तो याच जीनपायी होतो, आणि पोरगी नेमकं तेच विचारतीये तर तुम्ही खूळ म्हणताय!

सीताफळाचंही तसंच. थायलंडमध्ये एक बिनबियांचं सीताफळ आहे, त्यात बीजांडाचं बाहेरचं आवरण बनवणारा इनर नो आउटर हा जीनच गायब असल्याचं 2011 मध्ये कळलं. आणि हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेत इम्रान सिद्दीकींच्या लॅबने 2008 मध्ये दाखवलं की डायड हा एक जीन बिघडवला तर ॲराबिडॉप्सिसमध्ये अर्धसूत्री विभाजन (जेनेटिक माल निम्मा करणारं पेशीविभाजन) न होताच अंडपेशी तयार होऊ शकते, म्हणजे आईचा सगळा जेनेटिक माल जसाच्या तसा पुढे. त्याच वाटेने पुढे 2019 मध्ये अमेरिकेत सुंदरेशन यांच्या लॅबने आईची हुबेहूब कॉपी असलेलं बी देणारा भात केला. हायब्रिडचं राखलेलं बी पेरलं तर गुण सारखे उतरत नाहीत, म्हणून दरवर्षी नवं घ्यावं लागतं हे तुम्हाला मी काय सांगणार, ते घरच्या घरी राखता आलं तर काय होईल याचा तुम्हीच हिशेब करा. (बियाणं कंपन्यांना हे किती आवडेल हा वेगळा विषय.)

आता पोटाचं. खोटं सांगत नाही, वाट लांब आहे. डिग्री, मग एमएस्सी, मग पीएचडीची पाच-सहा वर्षं, पक्की नोकरी लागेपर्यंत मुलगी तिशीच्या आसपास जाते, लग्नाचं काय हे तुम्ही लिहिलं नाहीत पण पाहुणे विचारणारच, तेव्हा घरात आधीच ठरवून ठेवा. पीएचडीत नेट-जेआरएफ ही सरकारी फेलोशिप मिळाली तर महिन्याला 37,000 अधिक घरभाडं मिळतं, म्हणजे त्या वर्षांत ती तुमच्यावर अवलंबून नसते. पुढे कॉलेज, रिसर्च इन्स्टिट्यूट किंवा जालना-हैदराबादकडच्या सीड कंपन्या, तिथे मादी लाइनमध्ये, म्हणजे हायब्रिडचं बी ज्या झाडांवर धरतं त्यांच्यात, बी नीट भरतं की नाही यावर सगळा धंदा असतो, त्यामुळे हे कळणारी माणसं लागतात. पण पगार सुरुवातीला डॉक्टरांसारखे नसतात हे धरून चाला.

माझं मत विचाराल तर तिसरी नीट नको. पहिला प्रयत्न आयसर पुणे या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेचा, त्यासाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, बारावी कुठल्या वर्षी पास झाली यावर पात्रता असते ते फॉर्मच्या आधी बघा. दुसरा पर्याय तुम्ही म्हणताय तोच, बीएस्सी ॲग्री, फक्त पुढे एमपीएससीऐवजी राहुरी किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सीला जेनेटिक्स अँड प्लांट ब्रीडिंग घ्यायचं, म्हणजे खरं तर घरात भांडायचं कारणच उरत नाही. तिसरा, चांगली लॅब असलेल्या जुन्या कॉलेजात साधं बीएस्सी बॉटनी. ब्रोशर चकाचक आणि लॅबला कुलूप अशा प्रायव्हेट बायोटेकला लाखो रुपये भरू नका, ते मला अजिबात पटत नाही.

आणि एकदा तिला घेऊन पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात फोन करून, वेळ घेऊन जा. तिथे एम्ब्रियो रेस्क्यूबद्दल विचारायला सांगा. सीडलेस वेलच आई म्हणून वापरायची असेल तर भ्रूण मरायच्या आत बाहेर काढून काचेच्या नळीत वाढवावा लागतो, ते काम किती किचकट आणि हळू असतं हे ऐकून तिचा उत्साह टिकला तर पुढचं सोपं.

एक राहिलं, आयएटीत बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि मॅथ्स चारही विषय सारख्याच मार्कांना असतात आणि तुमची मुलगी पीसीबीची, तर दहावीनंतर तिचं मॅथ्स पूर्ण सुटलंय का ते कळवा, म्हणजे अभ्यास कुठून सुरू करायचा ते सांगते.