चहाचा ‘सेट’ आणि सोसायटीचा सचिव

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय : इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ ‘सेट’ या शब्दाला आहेत, हे खरं का? आणि मराठीत त्याला एकच चपखल शब्द कोणता?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, खरं होतं, आता नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. तिच्यात ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत लांब होती, अर्थ ४३०च्या वर आणि मजकूर सुमारे ६०,००० शब्दांचा. पुढे कोशाची नव्याने उजळणी सुरू झाली आणि ६४५ अर्थ घेऊन ‘रन’ पुढे गेला. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून मात्र अजून ‘सेट’चाच मान कायम आहे. अलार्मचा सेट, टेनिसचा सेट, टीव्हीचा सेट हे अर्थ शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहेत, त्यांत मी शिरत नाही. प्राध्यापकीची ‘सेट’ परीक्षा म्हणजे तर नुसती आद्याक्षरं, तिचा इथे संबंध नाही.

मला आधी बोलायचंय ते दह्याबद्दल. ‘दही सेट झालं का गं?’ हे हल्ली घरोघरी ऐकू येतं आणि दर वेळी मला खटकतं. दही लागतं. रात्री कोमट दुधात विरजण लावायचं, सकाळी पातेलं जरा तिरकं करायचं, कडेने पाणी सुटलेलं नसलं आणि दही जागचं हललं नाही की ‘छान लागलंय’ म्हणायचं. इतका नेमका शब्द घरात असताना तो टाकून परका का आणायचा? तीच गत ‘मुलगा पुण्यात सेट झाला’ची. त्याचा जम बसला, एवढं म्हणायला काय हरकत आहे? हिरा कोंदणात बसवतात, निखळलेलं हाड बसवतात, धंद्यात जम बसतो. इंग्रजी ‘सेट’ची निम्मी कामं ‘बसणे-बसवणे’ ही आपली जोडी फार पूर्वीपासून करत आलीय.

हे योगायोगाने झालेलं नाही, कारण इंग्रजी क्रियापद ‘सेट’ म्हणजे मुळात ‘बसवणे’च. ‘सिट’ म्हणजे बसणे, त्याचं प्रयोजक रूप ‘सेट’. संस्कृतात तेच नातं ‘सीदति’ आणि ‘सादयति’ यांचं आहे, धातू ‘सद्’. लॅटिनमधून आलेले सेशन आणि सेडिमेंट (म्हणजे गाळ) याच कुळातले. आपल्याकडे सदन, सदस्य, संसद, परिषद, उपनिषद, सगळी याच घरची मंडळी. इंग्रजी ‘नेस्ट’ आणि संस्कृत ‘नीड’ हा तर एकच शब्द आहे, ‘नि’ अधिक ‘सद्’, म्हणजे खाली बसायची जागा. मला त्यातला सर्वांत प्रिय शब्द ‘प्रसन्न’, प्र अधिक सद्. पावसाळ्यात गोदावरी दुतोंड्या मारुतीपर्यंत चढते तेव्हा तिचं पाणी चहासारखं दिसतं. पूर ओसरतो, गाळ हळूहळू तळाशी बसतो आणि पाणी निवळतं. संस्कृत कवी शरदातल्या अशा पाण्याला ‘प्रसन्न’ म्हणतात. मनाची प्रसन्नता ती हीच, गाळ खाली बसलेली. सेडिमेंट आणि प्रसन्न एका धातूचे आहेत हे ज्याला कळलं, त्याला हा शब्द सपक वाटणं शक्य नाही.

(मराठी ‘बसणे’ मात्र ‘सद्’वरून आलेलं नाही. ते ‘उपविश्’वरून आलं, म्हणजे ‘प्रवेश’ ज्या धातूचा त्यातून. उच्चारात ‘स’ आहे एवढ्यावरून नातं जोडणारे लोक आहेत, त्यांनी प्राकृतातलं ‘बइस’ पाहावं.)

आता खरी गंमत. चहाचा सेट, पुस्तकांचा सेट, गणितातला सेट, म्हणजे ‘समूह’ या अर्थाचं नाम, हा वेगळाच शब्द आहे. उच्चार एक, लेखन एक, कूळ निराळं. हा जुन्या फ्रेंचमधल्या ‘सेत’वरून आला, आणि तो लॅटिन ‘सेक्टा’वरून. ‘सेक्टा’ म्हणजे अनुसरण, एखाद्याच्या मागून चालणं, आणि मग मागून चालणाऱ्यांचा मेळा. आपल्या ‘पंथ’ शब्दामागेही वाटच आहे. त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांच्या पालखीमागे चालणारी दिंडी पाहिली की ‘सेक्टा’चा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. ‘सेक्शन’ आणि ‘सेक्टर’ यांच्यासारखा दिसतो म्हणून ‘सेक्टा’ कापण्यावरून आला, समाजातून कापून वेगळा निघालेला गट तो सेक्टा, असं सांगणारे जाणकार अजून भेटतात. ते साफ चूक आहे. ‘सेक्टा’ अनुसरण्याच्या धातूचा आहे, ज्यातून सीक्वेन्स आला, सीक्वल आला, आणि पहिल्याच्या मागून येतो म्हणून सेकंडही आला. अंगातला सूट आणि हॉटेलातला खोल्यांचा ‘स्वीट’ हे त्याच धातूचे.

या धातूचं संस्कृत रूप आहे ‘सच्’, सोबत असणे, मागोमाग जाणे. त्यातून ‘सचिव’ आला. सचिव म्हणजे मूळचा सोबती, राजाच्या बरोबर राहणारा. ‘सखा’ही याच धातूचा मानतात. लॅटिनमध्ये सोबत्याला ‘सोकिउस’ म्हणत, त्यावरून ‘सोसायटी’ आली. निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही गावात विकास सोसायटीच्या भिंतीवर वार्षिक सभेची सूचना लागते : ‘सोसायटीच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की…’ आणि खाली सही, सचिव. या एवढ्याशा मजकुरात सोसायटी आणि सचिव ‘सच्’चे, सभासद ‘सद्’चा. इंग्रजी ‘सेट’ची दोन्ही कुळं एका कागदावर हजर, आणि इंग्रजी शब्द त्यात एकच.

संस्कृत व्याकरणात ‘सेट्’ नावाची एक संज्ञाही आहे. ज्या धातूला ‘इट्’ हा आगम होतो, म्हणजे प्रत्ययाआधी ‘इ’ येते, तो सेट्, ज्याला होत नाही तो अनिट्. इंग्रजी शब्दाशी तिचं काही नातं नाही. पण ‘सच्’ सेट् आहे आणि ‘सद्’ अनिट्, हे लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

चहाच्या ‘सेट’बद्दल कोशकारांचं म्हणणं असं की, ‘सेक्टा’वरून आलेलं नाम पुढे ‘बसवणे’वाल्या क्रियापदाच्या प्रभावाखाली गेलं, एकत्र मांडून ठेवलेल्या वस्तू तो सेट. प्रभाव पडला हे मीही नाकारत नाही. पण त्याला वाजवीपेक्षा फार वजन दिलं जातं, असं माझं ठाम मत आहे. सेटमधला एक कप फुटला की आपण ‘सेट मोडला’ म्हणतो. कप कुठेही ठेवा, कपाटात एक आणि मोरीत पाच, सेट तो सेटच. मोडतो तो सोबत तुटल्यावर. मांडणीपेक्षा सोबतीचा अर्थ त्यात आजही जिवंत आहे, आणि तो ‘सेक्टा’चा आहे. ‘सेट’चं मूळ आपल्या ‘शेट’मध्ये शोधणाऱ्यांशी तर वाद घालण्यातही अर्थ नाही. ‘शेट’ हा ‘श्रेष्ठी’वरून आला, तिथेच तो विषय संपला.

बोलीतला एक ‘सेट’ मात्र मला मान्य आहे, द्राक्षबागाईतदारांचा. ऑक्टोबर छाटणीनंतर घड फुलोऱ्यात येतो, फुलावरची बारीकशी टोपी गळून पडते आणि फलन झालं की तिथे मोहरीएवढा मणी धरतो. याला ते ‘मणी सेटिंग’ म्हणतात. त्याच दिवसांत पाऊस झाला की मणी गळतात आणि घड विरळ होतो. ‘फळधारणा’ हा शब्द पुस्तकात आहे आणि चांगलाही आहे, पण बागेत उभं राहून कोणी तो उच्चारत नाही. इंग्रजीतही फळ ‘सेट’ होतं ते याच अर्थाने, त्यामुळे ही उसनवारी निदान नेमकी आहे. लागवडीच्या उसाच्या तुकड्यालाही इंग्रजीत ‘सेट’च म्हणतात, फक्त लिहिताना शेवटी एक ‘टी’ जास्त. तिथे मात्र आपल्या शेतकऱ्याने ‘टिपरी’ सोडलेली नाही, आणि सोडूही नये.

राहिला बाईंचा दुसरा प्रश्न. एकच शब्द मिळणार नाही, आणि शोधूही नका. दोन कुळांच्या शब्दाला एक प्रतिशब्द कसा पुरेल? क्रियापदाला वेळ पाहून बसवणे, लावणे, ठरवणे, मांडणे. नामाला ‘संच’, जो नववीच्या गणितात पोरं शिकतातच. फक्त त्यांना शिकवताना ‘संच’ला ‘सच्’शी जोडू नका. तो सम् अधिक ‘चि’, म्हणजे गोळा करणे, ‘संचय’ ज्यातून आला त्या धातूचा आहे.