प्रवासाचा डबा आणि ‘मल्टीग्रेन’चं पाकीट

पाकिटाची पुढची बाजू बघून पैसे देऊ नका, मागची वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. ‘मल्टीग्रेन’ बिस्किटात पहिलं नाव मैदा, दुसरं साखर आणि नाचणी शेवटी २-३ टक्के असेल, तर तुम्ही मैद्यालाच नाचणीचा भाव देताय. साखर-मीठ ताडताना ‘प्रति १०० ग्रॅम’चा रकाना बघा, ‘प्रति सर्व्हिंग’मध्ये बरेचदा दोनच बिस्किटं धरलेली असतात, आणि दोनावर थांबतं कोण? एमआरपीजवळ प्रति ग्रॅम दरही असतो. मोठं पाकीट स्वस्तच पडतं असं नाही.

लांबच्या रेल्वे प्रवासाला मात्र दशमीच. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवा, तेलाचं मोहन घाला, खरपूस भाजा. गरमागरम डब्यात भरल्या की वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी. म्हणून कापडावर पूर्ण निवू द्या. सोबत कोरडी शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी. ओल्या नारळाची नको, उन्हाळ्यात ती दुपारपर्यंतच आंबते. माणशी दोन मुठी फुटाणे घ्या, खारे नव्हे, नाहीतर वाचवलेले पैसे पाण्याच्या बाटल्यांत जातात. बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त मागितले, तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनला फोन लावा.