नाटक चोरीला गेलं, कुलूप कुठे लावायचं?

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था आहे. वाशीला प्रयोग झाला आणि आठवड्याभरात अख्खं नाटक एका ॲपवरच्या चॅनेलवर आलं. पुढच्या प्रयोगाची निम्मी तिकिटं पडून आहेत. मी म्हणतो, सरकारने कडक कायदा करून असल्या साइट सरसकट बंद कराव्यात. मुलगा म्हणतो, ‘बाबा, ही सेन्सॉरशिप झाली. अमेरिकेत अशाच कायद्याविरुद्ध विकिपीडिया बंद ठेवला होता.’ खरं कोणाचं?
– एक नाट्यवेडा, कोपरखैरणे

उत्तर : तुम्ही पाठवलेली लिंक मी पाहिली. कॅमेरा डावीकडे कललेला, पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचं टक्कल पाव पडदा व्यापून, आणि ऐन शोकप्रसंगात वेफर्सच्या पुडीची चुरचुर. हे बघून कोणी तिकीट काढायचं थांबेल असं वाटत नाही, पण तुमचा संताप रास्तच आहे.

चिरंजीवांची माहिती बरोबर आहे. इंटरनेटवरची चोरी रोखण्यासाठीचं ‘सोपा’ हे विधेयक ऑक्टोबर २०११ मध्ये लॅमर स्मिथ यांनी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मांडलं. सिनेटमध्ये त्याचं भावंड होतं ‘पिपा’. परदेशी साइटवर चोरीचा माल आहे असा कोर्टाचा हुकूम झाला, की इंटरनेट कंपन्यांनी तिचा पत्ता उघडू द्यायचा नाही, सर्च इंजिनांनी ती दाखवायची नाही, जाहिराती आणि पैसे बंद. १८ जानेवारी २०१२ला इंग्रजी विकिपीडिया चोवीस तास काळा राहिला आणि दोनच दिवसांत दोन्ही विधेयकं बासनात गेली. चोरांची बाजू घ्यायला लोक उठले नव्हते. जांभळी नाक्यावर एका गाळ्यात चोरीचा माल सापडला म्हणून अख्खी बाजारपेठ सील करायची का, एवढाच वाद होता.

आपल्याकडे ते सील मी स्वतः अनुभवलंय. त्याच वर्षी मे महिन्यात माझ्या भाचीने कॉलेजच्या प्रोजेक्टची फिल्म व्हिमिओ या व्हिडिओ साइटवर चढवली होती. नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसात बसून उघडायला गेलो, तर कोऱ्या पानावर इंग्रजीत एक ओळ : कोर्टाच्या आदेशावरून बंद. पोरगी रडकुंडीला आली. झालं होतं असं, की एका तमिळ सिनेमाच्या निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयातून अज्ञात चोरांविरुद्ध मनाई हुकूम आणला होता आणि इंटरनेट कंपन्यांनी धास्तीने साइटच्या साइट बंद करून टाकल्या. जूनमध्ये कोर्टाला खुलासा करावा लागला : बंदी फक्त नेमक्या लिंकपुरती. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनीही हाच आग्रह धरला. आधी लिंका तपासून द्या, आणि बंद पानावर लिहा की कोणत्या आदेशाने बंद केलं व हरकत असेल तर दाद कुठे मागायची. वकिलीतली माझी वर्षं धरून सांगतो, त्या दुसऱ्या अटीला मी जास्त मानतो. गुपचूप लागलेल्या कुलपाविरुद्ध भांडायचं तरी कोणाशी?

तेव्हा सरसकट बंदीच्या बाबतीत मी मुलाच्या बाजूचा. कडक कायद्याचं म्हणाल, तर तो आहेच. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. थिएटरात चोरून चित्रण करण्याविरुद्धची सिनेमॅटोग्राफ कायद्यातली २०२३ची दुरुस्ती मात्र सिनेमापुरती. तुमचं नाटक तीत बसत नाही.

आता कामाचं. आजच लिंक, तारीख, स्क्रीनशॉट जपून ठेवा. उद्या चॅनेलचं नाव बदललेलं असेल. मग ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा : कलाकृती कोणती, हक्क तुमचा कसा, चोरीची प्रत नेमकी कुठे आहे. कायद्याप्रमाणे ३६ तासांत ती प्रत बंद व्हायला हवी. पण तक्रारीत एक हमीही द्यावी लागते, की २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणून दाखवू. तो नाही आणला तर त्यांना प्रत पुन्हा खुली करता येते. म्हणजे वकिलाचा खर्च धरूनच पाऊल टाका.

आणि पत्र धाडण्याआधी लेखकाला फोन करा. प्रयोग तुमचा असला तरी संहिता त्याची. हक्क लेखी करून घेतले नसतील तर तक्रारीवर सही त्याची लागेल. मानधन दिलंय ना त्याचं?