कॅल्गरीला येताय आणि मुलाला बर्फावरची हॉकी खेळायचीय

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यजमानांची कॅल्गरीला बदली होतेय, जूनमध्ये निघायचंय. मुलगा बारा वर्षांचा, पुण्यात सहा वर्षं रोलर हॉकी खेळलाय आणि आता त्याने धोशा लावलाय की बर्फावरची हॉकी खेळणार आणि त्यातच करिअर करणार. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: यात पोट भरतं का, आणि घर कुठे घ्यायचं हे हॉकी बघून ठरवावं का. दुसरीचं उत्तर आधी देते. नाही. घर ऑफिस आणि शाळा बघून घ्या. पहिलीचं उत्तर मात्र लांबणार आहे.

मी २००६ पासून कॅनडात आहे. नऊ वर्षं सस्कॅचेवानमधल्या एका लहान शहरात काढली, आता रेड डियरला असते, तुमच्यापासून दीड तासावर. सस्कॅचेवानमध्ये आमचं घर ‘बिलेट’ होतं. ज्युनियर संघातली सोळा ते वीस वयाची मुलं घरदार सोडून दुसऱ्या गावी खेळायला जातात, तेव्हा संघ त्यांना एखाद्या कुटुंबात ठेवतो आणि जेवणाखाण्याचे थोडे पैसे त्या कुटुंबाला देतो. आमच्याकडे शेतकऱ्याचा एक मुलगा अडीच वर्षं राहिला. पुढे तो दहा वर्षं व्यावसायिक हॉकी खेळला, आणि टीव्हीवर दिसणाऱ्या लीगमध्ये एकही मॅच खेळला नाही. मी सांगतेय ते बरंचसं त्याच्याकडे बघून शिकलेलं आहे.

तुमचा मुलगा डोळ्यापुढे ठेवतोय ती एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग, सगळ्यात वरची. तिथे ३२ संघ, प्रत्येकात जास्तीत जास्त २३ खेळाडू, म्हणजे सगळ्या जगातून साताठशे जण. त्याखाली एएचएल, तिथेही ३२ संघ. त्याखाली ईसीएचएल, साधारण तीस संघ, बहुतेक अमेरिकेतल्या मध्यम शहरांतले. आणि मग युरोप: स्वीडन, जर्मनी, स्लोव्हाकिया, ब्रिटन. हॉकीवर जगणारी बहुतेक माणसं या खालच्या पायऱ्यांवर असतात. गावोगाव, संघोसंघी फिरणाऱ्या अशा खेळाडूला इथे ‘जर्नीमन’ म्हणतात. या शब्दाचा प्रवासाशी संबंध नाही, तो दिवसाच्या कामावरून आलाय. उमेदवारी संपवून दिवसाच्या मजुरीवर काम करणारा, हात बसलेला कारागीर. अल्बर्टात इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरही परीक्षा देऊन ‘जर्नीमन’ होतात, आणि आमच्या ह्यांच्या प्लँटमध्ये त्या माणसाचा शब्द इंजिनिअरसुद्धा मानतात. हॉकीतही हा शब्द मला कमीपणाचा वाटत नाही.

आता पैसे. २०२५-२६ च्या मोसमात एनएचएलचा किमान पगार ७,७५,००० अमेरिकी डॉलर होता. मोसमाच्या दिवसांनी भागलं तर दिवसाला साधारण चार हजार. एएचएलमध्ये सुरुवात वर्षाला पन्नास-साठ हजारांच्या घरात. ईसीएचएलमध्ये आठवड्याला काहीशे डॉलर, तेही ऑक्टोबर ते एप्रिलच. राहायला जागा संघ देतो म्हणून निभतं. वरच्या दोन लीगमध्ये ये-जा करणाऱ्या मुलांचा करार बहुधा ‘टू-वे’ असतो: ज्या दिवशी वर असाल त्या दिवशी वरचा दर, खाली पाठवलं की खालचा. म्हणून वरच्या संघात कुणाचं मनगट मोडलं की खालच्या गावात कुणाच्या तरी घरी फोन वाजतो आणि त्या घराचा वर्षाचा हिशेब बदलतो.

खेळाडू संघ निवडत नाही, संघ खेळाडूला हलवतो. हे तुम्हाला आई म्हणून आधी कळायला हवं. आमच्याकडे राहणाऱ्या त्या मुलाला अठराव्या वर्षी ‘ट्रेड’ केलं, म्हणजे दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. जानेवारीत, ट्रेडची मुदत संपायच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवताना फोन आला. ताटातली खिचडी तशीच ठेवून तो तळघरात गेला. तिथे दोरीवर त्याचं सामान वाळत असायचं, शिन पॅड, ग्लोव्ह्ज, खांद्याचं चिलखत, सगळं घामाने ओलं. त्याने ते ओलंच बॅगेत भरलं, चार स्टिका टेपने एकत्र बांधल्या. पाऊण तासात खोली रिकामी. बाहेर उणे एकतीस होतं. मी गाडी सुरू करून ठेवली आणि चिवड्याचा डबा त्याच्या मांडीवर ठेवला. तो फक्त एवढंच म्हणाला, ‘सोमवारी केमिस्ट्रीचा पेपर आहे, तिथल्या शाळेत घेतील का?’ ताई, तो संध्याकाळपर्यंत सातशे किलोमीटर लांब दुसऱ्या कुटुंबाच्या घरी होता.

विसाव्या वर्षानंतर ज्युनियर संपलं. एनएचएलचे संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं. मग ईसीएचएल. पहिल्याच मोसमात तीन गावं झाली. दुसऱ्या वर्षी एएचएलचा पंचवीस मॅचचा ट्राय-आउट करार मिळाला, अकरा मॅच खेळायला मिळाल्या आणि परत खाली. तो गोल करणाऱ्यांतला नव्हता. पेनल्टीमुळे आपला एक माणूस कमी असताना दोन मिनिटं समोरच्यांना थोपवून धरायचं, पकच्या, म्हणजे त्या रबरी चकतीच्या, वाटेत पाय घालायचा, हे त्याचं काम. त्यात तो पक्का होता, म्हणूनच दहा वर्षं कुणी ना कुणी कामावर घेत राहिलं. एका संघाने शेवटच्या दोन आठवड्यांचे पैसे बुडवले. ते त्याला कधी मिळाले नाहीत. उन्हाळ्यात तो वडिलांच्या शेतावर राबायचा आणि लहान मुलांच्या हॉकी शिबिरात शिकवायचा. शेवटची तीन वर्षं ब्रिटनमध्ये गेली. तिथले बरेच क्लब जवळच्या विद्यापीठाशी जोडून घेतात, खेळता खेळता मास्टर्स करता येतं. त्याने केलं. एकतिसाव्या वर्षी थांबला, आता अग्निशमन दलात आहे.

आपल्या माणसांची उदाहरणं मुलाला जरूर सांगा, पण पूर्ण सांगा. रॉबिन बावा हा एनएचएलमध्ये खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. व्हँकुव्हर बेटावरच्या डंकनचा, शीख घरातला. १९८९-९० मध्ये वॉशिंग्टनकडून पाच मॅच, मग व्हँकुव्हरकडून दोन, सॅन होजेकडून बेचाळीस, अ‍ॅनाहाइमकडून बारा. चार संघ मिळून ६१ मॅच, आणि बाकीची सगळी वर्षं खालच्या लीगमध्ये, बसमध्ये. डोक्याला मार लागून खेळ थांबला. मॅनी मल्होत्रा १९९८ च्या ड्राफ्टमध्ये सातवा होता, ९९१ मॅच खेळला, आणि २०११ मध्ये पक डोळ्यावर बसल्यावरही परत उभा राहिला. अर्शदीप बैन्सला मी इथे रेड डियरमध्ये डोळ्यांनी खेळताना पाहिलंय. २०२१-२२ मध्ये ११२ गुणांसह (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) तो आख्ख्या वेस्टर्न हॉकी लीगमध्ये, म्हणजे इकडच्या मोठ्या ज्युनियर लीगमध्ये, पहिला आला. इथल्या सेंट्रियम स्टेडियममध्ये पगडी घातलेले आजोबा त्याच्या नावाचा जर्सी घालून बसलेले असायचे आणि मी पंजाबी नसूनही माझे डोळे भरायचे. त्यालाही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं. व्हँकुव्हरने करार केला, तरी एनएचएलची पहिली मॅच २०२४ च्या फेब्रुवारीत. २०२५ मध्ये व्हँकुव्हरच्या खालच्या संघाने म्हणजे अ‍ॅबट्सफर्डने एएचएलचा कॅल्डर कप जिंकला तेव्हा तो त्या संघात होता आणि प्रशिक्षक होता मल्होत्रा.

आणि मायकेल सिलिंजरचं नाव लिहून ठेवा, सगळे माइक म्हणतात. सस्कॅचेवानमधल्या रिजायनाचा. एनएचएलच्या १२ वेगवेगळ्या संघांकडून खेळला, तो विक्रम आहे. हजारावर मॅच. तो कोलंबसमध्ये खेळत असताना तिथे त्याचा मुलगा कोल जन्मला, आणि २०२१ मध्ये कोलला ड्राफ्टमध्ये निवडलं ते कोलंबसनेच.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर, इथली मुलं चौथ्या-पाचव्या वर्षी बर्फावर उतरतात. रोलरमुळे त्याची स्टिक आणि नजर तयार असेल, पाय ढकलणंही जमेल. अडेल ते थांबणं. चाकांवर बर्फासारखं दोन्ही पाय आडवे घालून, पातं खरवडत जागीच थांबता येत नाही, आणि या खेळात निम्मं काम थांबून उलटं वळण्याचं आहे. पहिले दोन महिने सार्वजनिक रिंकवर त्याला नुसतं थांबायला लावा, उजवीकडे आणि डावीकडेही. वेस्टर्न लीगचा ड्राफ्ट मुलं पंधरा वर्षांची होतात त्या वर्षी होतो, म्हणजे त्याच्या हातात फार मोसम नाहीत. तेव्हा त्याला कुणी निवडलं नाही तर खचू देऊ नका, उशिरा वर येणारी मुलं मी पाहिली आहेत. शाळा मात्र सोडू देऊ नका. वेस्टर्नसारख्या मोठ्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या प्रत्येक मोसमामागे एका वर्षाची कॉलेजची फी मिळते, पण ती ठराविक मुदतीत वापरावी लागते, करारातली ती ओळ स्वतः वाचा. ऑगस्ट २०२५ पासून आणखी एक दार उघडलंय: अशी मोठी ज्युनियर लीग खेळलेल्या मुलांना आता अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या पहिल्या दर्जाच्या हॉकीतही खेळता येतं. पूर्वी ते बंद होतं. वेस्टर्न लीगमधल्या मेडिसिन हॅट संघाचा गॅव्हिन मकेना त्याच वर्षी अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात गेला.

एक गोष्ट इथे कुणी सांगत नाही, कारण त्यांना ती लागत नाही. तुमच्या मुलाचा पासपोर्ट भारतीय. संघ स्पर्धेला मोंटानाला निघाला तर बाकीची मुलं बसमध्ये चढतील आणि त्याला अमेरिकेचा व्हिसा लागेल. आमच्या ओळखीच्या एका मुलाची अख्खी स्पर्धा यामुळे गेली, अपॉइंटमेंटच मिळाली नाही. आल्याबरोबर अर्ज करा. नागरिकत्वाला मोठ्यांना पाच वर्षांत १,०९५ दिवस इथे राहिल्याचे लागतात, तेही मोजत राहा.

खर्च: नवं सामान दुकानातून एकदम घेऊ नका. मुलं वाढतात, जुनं भरपूर मिळतं. फक्त हेल्मेट तपासून घ्या, सुरक्षेचा सीएसए शिक्का आणि तारीख बघा. स्केट्स पुण्याहून आणू नका. फी झेपत नसेल तर किडस्पोर्ट आणि जंपस्टार्ट या संस्था मदत करतात, मागायला संकोच करू नका. नोंदणी पत्त्यावरून होते आणि संघांची चाचणी उन्हाळा संपता संपता, त्यामुळे जुलैअखेर पत्त्याचा पुरावा हातात हवा. अंगावर धडकायला पंधरा वर्षांखालच्या गटापासून परवानगी असते, तीही ठराविक दर्जाच्या संघांतच. डोकं आपटलं तर त्या दिवशी परत खेळू द्यायचं नाही, कोच कितीही म्हणो. यात माझं ऐका.

आमच्याकडे राहिलेल्या त्या मुलाने जाताना जुने शिन पॅड आणि कोपराचे पॅड आमच्या तळघरात विसरले. परत मागितले नाहीत, मीही फेकले नाहीत. सोळाव्या वर्षीचे आहेत, तुमच्या मुलाला पुढच्या वर्षी बसतील. आलात की एका शनिवारी इकडे या, घेऊन जा.