भारतात अमली पदार्थ कायदेशीर केले तर समाजावर काय परिणाम होईल?

प्रश्नाखाली पोर्तुगालचं उदाहरण देऊन तुम्ही एक ओळ जोडली आहे: 'की गर्दुल्ल्यांना सरळ आत टाकणंच बरं?' मूळ प्रश्न मी सोडून दिला असता. या ओळीमुळे लिहायला बसले.

माझा दादा गर्दुल्ला होता. लालबागच्या आमच्या चाळीत त्याचं नाव घ्यायचं लोकांनी सोडलं होतं, 'तो गर्दुल्ला' एवढंच म्हणायचे. ८२ च्या संपानंतर बाबांची गिरणी पुन्हा उघडली नाही. दादा एका गॅरेजमध्ये लागला आणि तिथेच आधी सिगारेटमधून, मग पन्नीवर गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉईन, ओढायला शिकला. घरातून पितळी पातेली गेली, तांब्याचा बंब गेला. एके दिवशी आईने चढवलेला भात खाली उतरवून त्याने गॅसचा सिलिंडर नेला. भात अर्धा कच्चा होता. आई त्या भातासाठी रडली, सिलिंडरसाठी नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

थोरले काका पोलिसात हवालदार होते, नुकतेच निवृत्त झालेले. १९९० ची गोष्ट. त्यांनी दादाला दंडाला धरून ओळखीच्या चौकीवर नेलं. "दोन रात्री आत काढू दे, सुतासारखा सरळ होईल." झडतीत चार पुड्या निघाल्या. पंचनामा झाला, वजन भरलं ४०० मिलिग्रॅम.

आता कायदा बघा. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात तेव्हा हेरॉईनची 'अल्प मात्रा' होती २५० मिलिग्रॅम. त्याच्या आत असेल, आणि माल स्वतःसाठीच होता हे आरोपीने सिद्ध केलं, तर एक वर्षापर्यंत शिक्षा. त्याच्या वर गेलात की किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि लाखाचा दंड. म्हणजे चार पुड्यांचा गर्दुल्ला आणि पोतंभर माल आणणारा तस्कर एकाच रांगेत. वर १९८९ मध्ये जामीनही जवळपास बंद करून टाकला होता. हयात खात्यात घालवलेल्या काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. दोन रात्रींचे सतरा महिने झाले. आत पुडी मिळायची, फक्त महाग. ते पैसे आईने धुणीभांडी करून पुरवले, कारण नाही पुरवले तर टर्कीत, म्हणजे गर्द तुटल्यावर होणाऱ्या त्रासात, त्याचे काय हाल व्हायचे ते तिने भेटीच्या वेळी पाहिलं होतं. शेवटी पंच फुटले म्हणून सुटला. येताना टीबी घेऊन आला.

तर तुमचा प्रश्न. कायदेशीर करणं आणि गुन्हा न मानणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळे त्यांची खिचडी करतात. तुम्ही ज्या पोर्तुगालचं उदाहरण दिलंय, तिथे काहीही कायदेशीर नाही. विकणारा आजही तुरुंगातच जातो. जुलै २००१ पासून तिथे दहा दिवस पुरेल एवढा माल जवळ सापडला तर कोर्टाऐवजी एका छोट्या समितीपुढे पाठवतात. हेरॉईनसाठी ती मर्यादा एक ग्रॅम आहे. एक ग्रॅम! योगायोग असा की त्याच २००१ मध्ये आपणही शहाणे झालो आणि अल्प मात्रा पाच ग्रॅमवर नेली. दादाला अकरा वर्षं उशीर.

दुकानातून विकायला मात्र माझा ठाम विरोध आहे. दारू बघा ना. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत देशात दारू पिणारे १४.६ टक्के निघाले आणि गांजा-भांग-चरस मिळून २.८ टक्के. ज्याचं दुकान असतं त्याला गिऱ्हाईक वाढवावंच लागतं, आणि सरकारला महसुलाची चटक लागली की संपलंच. बंदीने सगळं थांबतं असंही नाही. चंद्रपुरात २०१५ ला दारूबंदी केली आणि २०२१ मध्ये उठवावी लागली. त्यामुळे अमली पदार्थ विकणाऱ्याला धरा आणि ओढणाऱ्याला दवाखान्यात न्या, एवढंच माझं म्हणणं. कायद्यात ६४-अ कलम आहे, अल्प मात्रेत सापडलेला व्यसनी उपचार घ्यायला तयार असेल तर खटल्यातून सूट मिळू शकते. वकिलाला आधी हेच विचारा. आणि घरात कुणी असेल तर स्वतःच्या हाताने चौकीवर नेऊ नका, नातेवाईक खात्यात असला तरी.

हो, एक राहिलं. नुसता कायदा सैल करून भागत नाही. अमेरिकेत ऑरेगॉन राज्याने २०२१ मध्ये तसं केलं, उपचारांची सोय वेळेत उभी राहिली नाही, तोवर फेंटानिल, हेरॉईनहून कितीतरी जहाल नशा, येऊन पोचलं. सप्टेंबर २०२४ पासून माल बाळगणं तिथे परत गुन्हा झालंय. पोर्तुगालने मेथाडोनवर (हेरॉईन सोडवायला त्याऐवजी देतात ते औषध) आणि उपचारांवर पैसा ओतला, ते आपण करू का याची मला शंकाच आहे.

आणि दादाचं मत माझ्या उलट आहे, तेही सांगायला हवं. तीनदा उपचार घेऊन १९९८ पासून तो सुटलाय, बदलापुरात झेरॉक्सचं दुकान चालवतो. तो म्हणतो, एवढी ढील दिली असती तर मी मेलो असतो. काका त्यावर मान डोलावतात आणि दर गणपतीला ऐकवतात, "मी आत टाकलं म्हणून वाचला." आत टाकल्यानंतर सात-आठ वर्षं तो ओढतच होता, हा हिशेब त्यांच्या बाजूने कुणी मांडत नाही.

काका, हे कुणीतरी तुम्हाला पाठवणारच आहे. पॅरासिटामॉलची एक गोळी ५०० मिलिग्रॅमची असते, तुमच्या उशाशी पाकीट आहे. यंदा वाद घालायचा असेल तर ती हातात घेऊन घाला.