माकेरचे मुखवटे की माकेरची सोंगं?

ओनोरे दोमिए या फ्रेंच चित्रकाराच्या 'रोबेर माकेर' या व्यंगचित्रमालेवर मराठीत लिहिताना 'माकेरचे मुखवटे' म्हणावं की 'माकेरची सोंगं', असा प्रश्न आला आहे. मी डोळे झाकून 'सोंगं' म्हणेन.

मुखवटा तोंडापुरता. तो चढवतात, उतरवतात, कधी तो गळून पडतो. त्यातही गौरीचा किंवा खंडोबाचा मुखवटा काही लपवत नाही, उलट देवाला चेहरा देतो. सोंग मात्र अख्ख्या अंगाचं असतं. त्यात कपडे, चाल, बोलण्याची ढब सगळं येतं. बोहाडा या आदिवासी भागातल्या सोंगांच्या उत्सवात मुखवटे लावूनच नाचतात, पण लोक म्हणतात 'गणपतीचं सोंग आलं'. मुखवटा ही वस्तू झाली, आणि आलं ते सोंग.

आता माकेर पाहा. हा १८२३च्या एका नाटकातला दरोडेखोर. फ्रेदेरिक लमेत्र या नटाने खलपुरुषाची ही भूमिका हसण्यावारी नेली आणि पात्र गाजलं. १८३५मध्ये फ्रान्समध्ये राजकीय व्यंगचित्रांवर कायद्याने टाच आली. राजा लुई फिलिपची टर उडवता येईना, तेव्हा समाजाची उडवायची ठरली. संपादक शार्ल फिलिपाँचा मजकूर, दोमिएची शिळाछापाची चित्रं, अशी ही माला १८३६ ते १८३८ या काळात 'ल शारिवारी' या पॅरिसच्या व्यंगपत्रात आली. माकेर कधी वकील, कधी डॉक्टर, कधी पत्रकार. आणि चेहरा दर वेळी तोच! गिऱ्हाईक फसतं, वाचक ओळखतो. मुखवटा असता तर ही गंमतच गेली असती.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. माकेरने नेमकं तेच आणलं. खिसा रिकामा, पण साथीदार बेरत्राँला सांगतो, चल, बँक काढू! भांडवल कागदावर अचाट, शेअर विकायला मोकळे. लुई फिलिपच्या काळातल्या पॅरिसला हा माणूस चांगलाच ओळखीचा होता.

दोमिएच्याच '१८३१चे मुखवटे' या चित्रात मात्र नुसती तोंडं मांडली आहेत, खाली धड नाही, आणि मधोमध राजाच्या जागी नासपती (व्यंगचित्रांत लुई फिलिपचं डोकं नासपतीसारखं काढत). तिथे 'मुखवटे'च हवेत.

क्रियापदही जपा. माकेर वकिलाचं सोंग घेतो किंवा आणतो. 'भूमिका साकारतो' नको. भूमिका लमेत्रची.